सहा पदरांचा कागद

एखाद्या माणसाचं नाव घेऊन, 'ह्यानंच केलं,' असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात? आणि म्हणण्याआधी नक्की काय तपासलं होतं?

घाईनं उत्तर देऊ नका. घाईची उत्तरं कशी असतात ते मला चांगलं माहीत आहे, मी ती छापून वाटलेली आहेत.

परवा दुपारी गल्लीत नळाला हवा आली. सोलापुरात ज्यांनी उन्हाळे काढलेत त्यांना हा आवाज सांगावा लागत नाही. आधी लांब फुस्स, मग नळ म्हाताऱ्यासारखा खाकरतो, मग गप्प होतो, आणि आता येतंय की नाही अशा बेतात सगळी गल्ली भांडी हातात धरून उभी राहते. उन्हानं पत्रे तडतडत असतात. परवा मी वहीत काहीतरी लिहीत होते. आवाज आला आणि मी उठून उभी राहिले. आमच्या घरी त्या दिवशी पिंप भरलेलं होतं. तरी उठले. गेल्या उन्हाळ्यापासून हे असंच होतं. हवा आली की मला बसवत नाही.

आमचं घर पत्रकांचं. आबा, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर काम करायचे आणि मागावरून उतरले की पत्रकं लिहायचे. हजेरीबद्दल, बोनसबद्दल, वस्तीतल्या दिव्यांबद्दल. पातळ गुलाबी कागदावर छापलेली, हाताला शाई लागणारी. उरलेली पत्रकं घरात सगळीकडे असत. फळीवर अंथरलेली, मसाल्याच्या डब्यांच्या झाकणाखाली, खिडकीच्या फटीत कोंबलेली. मी जोडाक्षरं शिकले ती 'संघर्ष', 'हक्क' आणि 'धिक्कार' ह्या शब्दांतून. आठ वर्षांची असताना प्रुफातली चूक दाखवली म्हणून आबांनी मला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून पार्क चौकापर्यंत फिरवून आणलं होतं. टाकी तापलेली होती. मांड्या भाजत होत्या, पण मी उतरायला तयार नव्हते.

ती मोटारसायकल माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. टू-स्ट्रोक, सहा व्होल्टची बॅटरी, बटणावर सुरू होण्याचा प्रश्नच नाही, किक मारायची. मागे दोन्ही बाजूंना पत्रकांचे गठ्ठे बांधून आबा तिच्यावरून बार्शी, मोहोळ, करकंब असे जायचे. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली, आबांचा कारखानाही बंद झाला, आणि आबांच्या गुडघ्यानं किक मारायला नकार दिल्यावर गाडी पडवीत एका फाटक्या चादरीखाली उभी राहिली. चादर अर्थातच सोलापुरी. तिच्यावरचा मोर विटून कोंबडीसारखा दिसायला लागला होता.

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या गल्लीचं पाणी बंद झालं. इतर गल्ल्यांना पाच दिवसांआड का होईना येत होतं. आमच्याकडे नुसती हवा. बायका दोन गल्ल्या ओलांडून घागरी आणत होत्या आणि माझं डोकं तापत होतं. मी एका खासगी शाळेत शिकवते. सुट्टी लागली होती, हातात वेळ होता, अंगात आबांचं रक्त होतं. कुणीतरी म्हणालं, चावीवाला पलीकडच्या हॉटेलांना पाणी सोडतो, आपली चावी मुद्दाम अर्धीच फिरवतो. दुसऱ्या कुणीतरी मान डोलावली. मला तेवढं पुरलं. मी एकाच बैठकीत पत्रक लिहिलं. जाड, चकचकीत कागदावर पाचशे प्रती छापल्या. वर मोठ्या अक्षरात 'आमचं पाणी कोण विकतंय?' आणि तिसऱ्या ओळीत उत्तर: चावीवाला सिद्राम.

खाली माझी सही.

सिद्रामकाका म्हणजे कोण, हे मी त्या पत्रकात लिहिलं नव्हतं. कंत्राटावरचा माणूस. खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी, सायकल, डोक्याला टॉवेल. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, दोन्ही हातांनी पिळायची. पाणी आलं की लोक पाण्याकडे बघतात. नाही आलं की चावीवाल्याकडे. पत्रक वाटल्यावर दुसऱ्या दिवशी ते आले, तर चौकात त्यांची सायकल अडवली गेली. कुणी रिकामी घागर त्यांच्या पायाशी आपटली. कुणी पत्रक त्यांच्या शर्टाच्या खिशात कोंबलं. ते म्हणत होते, "मी चावी पूर्ण उघडतोय की हो, पुढं पाणी जाईना, मी काय करू?" मी ओट्यावर उभी होते. मला वाटलं, पत्रकाचा परिणाम होतोय.

परिणाम झाला. कंत्राटदारानं त्यांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ते बायकोला घेऊन करकंबला मेव्हण्याकडे गेले.

तीन आठवड्यांनी कोपऱ्यावर रस्ता खणला तेव्हा पाइप सापडला. कधीतरी कुणीतरी केबल टाकताना वर दगड लोटले होते आणि पाइप चपटा झाला होता, दाबलेल्या पावासारखा. तो बदलला. संध्याकाळी फुस्स झालं, खाकरलं, आणि पाणी आलं. गल्लीत एकच गलका. पोरं अंगावर पाणी उडवत होती. माझ्या आईनं तेवढ्यातच दोन चादरी धुवायला काढल्या. सिद्रामकाकांचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

आबांनी काढलं. जेवताना कडक भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "खुलासा कवा काढतीस?"

"आलं ना पाणी आता. कोण लक्षात ठेवतंय आबा?"

"त्यो ठेवतोय की."

मी बरंच बोलले. पाणीपुरवठ्याची व्यवस्थाच कशी सडलेली आहे, एका माणसाचा प्रश्न नाही, मूळ मुद्दा बरोबर होता, वगैरे. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पत्रक वर फेकायचं असतं पोरी. खाली पडलं तर कुनाच्या डोक्यावर पडलं ते वाकून बगायचं. तू कंत्राटी मानसाला धरलास. आमी जन्मभर ज्यांच्यासाटी छापलं, त्यातलाच त्यो."

आमच्या घरात एक रिवाज आहे. पत्रकात चूक गेली तर खुलासा त्याच हातानं, आबांच्या ह्या गाडीवरूनच जायचा. आबांवर ही वेळ दोनदा आली होती. एकदा बार्शीला एका मुकादमानं बाईवर हात उचलला म्हणून त्यांनी लिहिलं, आणि नंतर कळलं की हात उचलणारा दुसराच. आबा दोन दिवस त्याच गेटांवर, त्याच चहाच्या टपऱ्यांवर गेले आणि ज्यांनी पत्रक घेतलं होतं त्यांच्या हातात खुलासा ठेवून आले. लोक हसले. आबा सांगतात, "हसू दे की. हसत हसत वाचलं तरी वाचलंच."

म्हणून सिद्रामकाकांची माफी मागायला मला एसटीनं करकंबला जाता येणार नव्हतं. आधी गाडी सुरू व्हायला हवी होती.

आणि इथे एक कबुली. गाडी सुरू होत नव्हती, ही माझी सोय होती. चादर ओढून काढली, धूळ झटकली, पेट्रोल भरलं, बॅटरी चार्ज करून आणली, किक मारली. काही नाही. चावी फिरवल्यावर हँडलजवळचा लाल दिवा लागायला हवा, तोही लागेना. मला आतून हायसं वाटलं. वैशाखातल्या त्या दुपारी मी पडवीत घाम गाळत होते आणि मनात म्हणत होते, मी तर जायला तयार आहे, ही गाडीच ऐकत नाही. आबांना दाखवायला मी रोज वीस-पंचवीस किका मारायचे. खटक, खटक, खटक. शेजारच्या मावशी भिंतीवरून विचारायच्या, "काय गं, लोणी निघालं का?"

पण दोष शोधायला घेतला की मला दम धरवत नाही. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि निकाल दिला: कॉईल गेली. मग वाटलं, कंडेन्सर. मग प्लग. मग बॅटरीच. एका दुपारी मी चारही वस्तू नव्या आणून एकदम बसवल्या. चावी फिरवली. लाल दिवा नाही. किक मारली. खटक.

शेवटी जुन्या वस्तू पिशवीत टाकून गाडी ढकलत विजापूर वेशीच्या अलीकडे इस्माईलचाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली. चाचा मोटारसायकलींच्या वायरींचं काम करतात. आबांची ही गाडी त्यांनी तरुणपणापासून पाहिलेली. उन्हात लिंबाखाली ते उकिडवे बसले आणि माझ्या नव्या वस्तू एकेक बघायला लागले.

"ये कब बदले?"

"कालच. चारही."

"चारों एकसाथ?" त्यांनी कपाळावर हात मारला. "बेटी, चार जनों को एकसाथ पकडी तू, तो चोर कौन था कैसा मालूम पडंगा?"

मी म्हणाले, "पण चाचा, ह्यातलाच कुठलातरी असणार ना?"

"कायकू असणार? तू देखी क्या?"

मी काही पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून दोन वायरी लावलेला छोटा बल्ब काढला, मागच्या दिव्याचाच असतो तो, सहा व्होल्टचा. एवढंच त्यांचं यंत्र. दोन वायरी बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या. बल्ब पेटला. "बॅटरी जिंदा है." मग एक वायर बॅटरीला तशीच ठेवली आणि दुसरी गाडीच्या सांगाड्याला टेकवली. बल्ब पेटला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बॅटरीची एक जाड वायर बोल्टनं सांगाड्याला जोडलेली असते, वीज फिरून परत यायची वाट तीच. तो बोल्ट सीटखाली गंजून पार तपकिरी झाला होता. दोन वर्षं उभ्या गाडीवर पावसाळे गेले होते. गंजाला कुणी बोलावलं नव्हतं. चाचांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं घासला, घट्ट केला. लाल दिवा लागला.

एवढंच होतं. एक गंजका बोल्ट. मला त्या दिव्याचा राग आला.

त्यानंतर चाचांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी मला माझ्या जुन्या चारही वस्तू परत बसवायला लावल्या. एकावेळी एक. जुनी कॉईल लाव, प्लग बाहेर काढून टेकव, किक मार, ठिणगी बघ. आहे? आहे. आता जुना कंडेन्सर. आहे? आहे. दीड तास लागला. माझे हात काळे झाले, पाठ शेकून निघाली. चौथ्या वेळी ते म्हणाले, "सब बेगुनाह निकले. अब माफी मांग उनसे," आणि स्वतःच खो-खो हसले. त्यांना करकंबचं काहीच माहीत नव्हतं. मी हसले नाही.

ठिणगी होती पण मरतुकडी, पिवळट. पॉइंट साफ करून त्यांची फट नीट लावावी लागेल, म्हणाले. पॉइंट म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड दोन बारीक धातूचे ओठ. ते उघडतात तेव्हा ठिणगी पडते. किती उघडायचे, ह्याला माप असतं. "मैं लगा देता," चाचा म्हणाले. मी म्हटलं, नको, हे घरी करते. आबांनी शिकवलंय.

शिकवलं होतंच. आबांकडे माप घ्यायची पट्टी कधीच नव्हती. ते पत्रक घ्यायचे, दोन बोटं रुंद फाडायचे, सहा पदर करायचे आणि ती पट्टी पॉइंटच्या फटीत सरकवायचे. सरकेल पण पडणार नाही, इतकी फट. करकंबच्या रस्त्यावर, बाभळीखाली, गठ्ठ्यातलंच एक पत्रक फाडून त्यांनी अशी गाडी कितीदा लावली असेल.

मी तसंच केलं. कपाटावर उरलेल्या पत्रकांचा ढीग होता. वरचं घेतलं, फाडलं, सहा पदर. घट्ट बसत होतं म्हणून फट वाढवली. बरोबर सरकेल इतकी. स्क्रू आवळले. झाकण लावलं. आबा खुर्चीवर बसून बघत होते. मी ऐटीत किक मारली.

किक उलटी आली. नडगीवर लोखंड असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी पायरीवर बसले. परत उठले, परत मारली. परत तेच. तिसऱ्यांदा मी गाडीला शिवी दिली. आबा हसायला लागले. पाणी आल्यापासून, म्हणजे महिनाभरानं, ते पहिल्यांदा हसत होते.

"पदर किती घेतलंस?"

"सहा. तुम्हीच सांगितलेत."

"कागद कुटला?"

मी कपाटावरच्या ढिगाकडे पाहिलं. आबा काठी टेकत आले, जमिनीवरची पट्टी उचलली आणि उलगडली. चकचकीत, जाड कागद. सहा पदर म्हणजे जवळजवळ दुप्पट फट. फट जास्त झाली की ठिणगी वेळेआधी पडते आणि इंजिन सगळा जोर उलटा पायावर काढतं. हे सगळं ते सांगतील असं मला वाटलं. पण ते पट्टीवरची अक्षरं वाचत होते. तेलाचा काळा डाग बरोबर तिसऱ्या ओळीवर पडला होता. 'सिद्राम' एवढं तरीही दिसत होतं.

आबांनी पट्टी माझ्या हातात दिली. आत गेले. पेटीतून एक गुलाबी, पातळ, कडा पिवळ्या पडलेलं पत्रक घेऊन आले. त्यातलं काय होतं ते आता कुणालाच महत्त्वाचं नाही. बहुतेक बोनस. "ह्यानं लाव," म्हणाले.

लावलं. तिसऱ्या किकला गाडीनं खोकल्यासारखं केलं, निळा धूर ओकला आणि सुरू झाली. सगळी पडवी थरथरत होती. भिंतीवरून मावशी ओरडल्या, "आगं, निघालं की लोणी!" मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आता कारण संपलं होतं.

मी म्हटलं, "आबा, मागं बसा, दोघं जाऊ."

"मी कशाला? सही तुजी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. मोहोळ, मोडनिंब, तिथून डावीकडे. मोहोळपर्यंत मी मनात भाषण तयार करत होते. मोडनिंबनंतर ते विसरलं. नडगी ठणकत होती, दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, आणि गाडीच्या आवाजात स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, हे बरंच होतं.

सिद्रामकाका मेव्हण्याच्या घरामागे ठिबकच्या नळ्या जोडत बसले होते. आधी गाडीकडे पाहिलं.

"आबांची गाडी. चालू झाली? कोण केलं?"

"मी."

"हां. बस."

काकूंनी चहा आणून ठेवला. माझ्याकडे न बघताच आत गेल्या. मी सांगायला लागले. पाइप, दगड, माझी घाई. भाषणातलं एकही वाक्य आलं नाही. 'चुकलं' एवढंच तीनदा आलं. काका नळी जोडत राहिले. त्यांची ती लोखंडी चावी भिंतीला टेकून उभी होती. करकंबमध्ये तिचं काही काम नाही. टाकून देता आली असती.

"तंगी," ते म्हणाले. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "मी केलं न्हाय हे मला म्हायती हाय की. मला सांगायला येवढ्या उन्हात कशाला आलीस?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"किती छापलीवतीस?"

"पाचशे."

"मग एक झालं." त्यांनी नळीचं टोक पिळून बसवलं. "चारशे नव्याण्णव ऱ्हायली. तितं जा."

मी परत आले. पातळ कागदावर खुलासा छापला, पाचशेच, आणि त्याच गाडीवरून त्याच दारांत गेले. लोकांनी घेतला. तो कसा घेतला, तेच मला वर्षभर स्वस्थ बसू देत नाही. दारात उभं राहून, न वाचता, घडी घालून. "जाऊ दे गं, झालं गेलं." "पाणी येतंय ना?" एका घरात माझ्यासमोर त्यावर गरम कढई ठेवली. पहिलं पत्रक ह्याच लोकांनी ओट्यावर मोठ्यानं वाचलं होतं. आरोपाला जमाव मिळतो, खुलाशाला कढई. काही घरं बदलली, भाडेकरू गेले. नवीन चावीवाला येतो, त्याच्याकडेही लोक तसंच बघतात. आणि 'मागचा पाणी विकायचा' हे वाक्य मी गेल्याच आठवड्यात किराणा दुकानात ऐकलं. सांगणाऱ्या बाईला ते माझ्याच पत्रकातून कळलं होतं. तिला मी ओळखीची वाटले नाही.

आता उन्हाळा परत आला आहे. गाडी पडवीत उभी आहे, चादरीशिवाय. दर रविवारी मी ती सुरू करते, बोल्ट बघते, फट बघते. पत्रकं अजून लिहिते. वरच फेकते, आणि फेकण्याआधी चाचांसारखा दिवा लावून बघते. पण त्यानं जुनं पत्रक कुणाच्या घरातून परत येत नाही.

म्हणून एक काम तुमच्यावर सोपवते. तुम्ही आमच्या गल्लीत राहत असाल, किंवा कधी राहिला असाल, तर घरात बघा. ते जाड, चकचकीत पत्रक टिकाऊ आहे. फळीवर अंथरलेलं असेल, डब्याखाली असेल, खिडकीच्या फटीत असेल. काढा. तिसऱ्या ओळीतलं नाव पेनानं खोडा. आणि पुढच्या वेळी नळाला हवा येईल, भांडी हातात घेऊन सगळे उभे असतील, पाणी यायला अजून दोन मिनिटं असतील, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मोठ्यानं सांगा, की ते सिद्रामकाकांनी केलं नव्हतं.